निघताना हातावर दही

सासूबाई आल्या त्या उशिरा. विमान वेळेवर होतं. मी चार वर्षांच्या उशिराबद्दल बोलतेय. माझी मुलगी झाली तेव्हा त्यांचे गुडघे दुखत होते, इतके की पुण्याहून लंडनपर्यंतचा प्रवास झेपणार नाही असं त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणे. माझी आई त्याच्या आदल्याच वर्षी गेलेली. त्यामुळे पहिलं बाळंतपण मी लंडनबाहेरच्या बेसिंगस्टोक गावातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये टोस्ट आणि फ्रोझन पराठ्यांवर काढलं. चार वर्षांनी दुसऱ्या खेपेला स्कॅनमध्ये मुलगा आहे असं कळलं, नवऱ्याने पुण्याला फोन केला, आणि गुडघे बरे झाले.

असं लिहिलेलं वाईट दिसतं, मला कळतं. पण तेव्हा मी हे वाक्य नवऱ्याला रोज एकदा तरी ऐकवायचे. तो म्हणायचा, अगं, मधल्या काळात ऑपरेशन झालंय ना गुडघ्यांचं, तूच फोन करून तब्येत विचारली होतीस. विचारली होती. एक्स-रेसुद्धा बघितले होते व्हॉट्सअ‍ॅपवर. पण राग काही एक्स-रे बघून येत नाही.

तर त्या आल्या, आणि दोन बॅगा भरून माझं बाळंतपण सोबत घेऊन आल्या. डिंक, खारीक, हळीव, ओवा, बाळंतशोपा, वेखंड, काजळाची डबी, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी. आमच्या तीन बेडरूमच्या घरात आता त्यांचा कायदा लागू झाला. डोक्याला स्कार्फ बांध, कानात वारं जाईल. गार पाणी नको. मोबाइल नको, डोळे जातील. बाळ सहा दिवसांचं असताना त्यांनी बार्बेक्यूचे कोळसे कापरावर पेटवले, जुन्या फ्राइंग पॅनमध्ये ठेवून त्यावर ओवा आणि शोपा टाकल्या आणि बाळाला धुरी दिली. स्मोक अलार्म बोंबलायला लागला. शेजारचे आजोबा ड्रेसिंग गाउनमध्ये दारात येऊन सगळं ठीक आहे ना विचारून गेले. त्यांच्यासमोर मी हसले आणि दार लावल्यावर सासूबाईंना जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "बाळ बघ कसं झोपलंय." झोपलं होतं, हे आणखी वाईट.

काजळावरून घरी बाळ तपासायला येणारी नर्स, हेल्थ व्हिजिटर, मला बोलली. मला! काजळ घातलं कोणी आणि ऐकून घेतलं कोणी. त्या दिवसापासून काजळ डोळ्यांतून निघून बाळाच्या तळपायाला गेलं, पण डबी काही पुण्याला परत गेली नाही.

हे सगळं मी सहन केलं असतं. घरोघरी मातीच्या चुली. मला खुपत होतं ते वेगळंच. बाळाला त्या 'बाळराजे' म्हणायच्या. बाळराजे उठले, बाळराजांनी दूध घेतलं, बाळराजांची शी पिवळी झाली. आणि माझ्या चार वर्षांच्या मुलीला नुसतंच 'अगं ए'. ती बिचारी आजीच्या मागेमागे असायची. पोळ्या करताना आजी तिला कणकेचा गोळा द्यायच्या आणि ती ओट्याशी स्टुलावर उभी राहून तासन् तास साप करायची. ते मला दिसत होतं, पण मी ते हिशेबात धरत नव्हते.

आणि या सगळ्यात मुलीचं ऑपरेशन होतं. तिला हर्निया होता. उजव्या जांघेत सुपारीएवढी गाठ. खोकली, रडली, जोर केला की बाहेर यायची, शांत पडून राहिली की आत जायची. आंघोळ घालताना मलाच ती पहिल्यांदा हाताला लागली होती. ऑपरेशन अगदी छोटं, सकाळी नेलं की संध्याकाळी घरी. पण सर्जनने कागदावर चित्र काढून एक गोष्ट बजावली होती. गाठ बाहेरच अडकली, कडक झाली, मुलीला उलट्या सुरू झाल्या, तर एक मिनिट न थांबता इमर्जन्सीत यायचं, कारण आत आतड्याचा तुकडा अडकलेला असतो. ते चित्र माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही. पाच महिने आम्ही वेटिंग लिस्टवर होतो. एकदा तारीख मिळाली ती त्यांनीच आदल्या दिवशी फोन करून रद्द केली. पाच महिने माझं एकच काम होतं, मुलीला रडू द्यायचं नाही. आणि घरात नवं बाळ आल्यावर चार वर्षांचं मूल रडण्याखेरीज दुसरं काय करतं?

बाळ पंधरा दिवसांचं होतं तेव्हा हॉस्पिटलातून फोन आला. कोणाची तरी तारीख सुटली होती. चार दिवसांनी, सकाळच्या लिस्टवर, तुम्हाला चालेल का? मी पुढचं ऐकायच्या आत हो म्हणाले.

सासूबाईंनी कॅलेंडर काढलं. त्या दिवशी अमावस्या होती. मी म्हटलं, बरं, मी सर्जनला कळवते, पौर्णिमेला ठेवा म्हणून. मग त्या दुसरीकडून आल्या. तू ओली बाळंतीण, सव्वा महिना झालेला नाही, थंडीत बाहेर पडायचं नाही, तिचा बाप नेईल तिला. मी विचारलं की माझ्या मुलीला भूल देणार आणि मी काय घरी बसून डिंकाचे लाडू खाऊ? मग शेवटचं आलं, आणि नेमकं तेच माझ्या डोक्यात रुतून बसलं. लेकराला इतका वेळ उपाशी ठेवतात का, जीव कासावीस होईल तिचा, असं त्या पुटपुटल्या.

हॉस्पिटलच्या पत्रात स्पष्ट होतं. सकाळी काही खायला द्यायचं नाही, फक्त पाणी. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं. मी ते सासूबाईंना तीनदा मराठीत सांगितलं, शाळेतल्या मुलाला सांगावं तसं. बिस्किटं वरच्या कपाटात टाकली. फ्रिजवर जाड पेनने लिहून लावलं, 'उद्या हिला काहीही द्यायचं नाही. प्रसादसुद्धा नाही.' एवढ्यावर थांबले नाही. संध्याकाळी त्यांच्या खोलीत गेले आणि देवापुढचा खडीसाखरेचा डबा त्यांच्यादेखत उचलून घेऊन आले. त्यांनी जपाची माळ थांबवली नाही. नुसतं बघितलं.

त्या सकाळचं मला तेव्हा एवढंच आठवत होतं. बाळाने झोपू दिलं नव्हतं. साडेसहाला निघायचं होतं, कारण हॉस्पिटल तासाभरावर. नवरा बाहेर गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता. सासूबाई बाळाला गुंडाळून जिन्यावरून एकेक पायरी उतरत होत्या. बाळ माझ्या अंगावर पिणारं, त्यामुळे ते आलंच पाहिजे, आणि ते धरायला त्या. मी नॅपीची बॅग भरली, पत्र घेतलं, मुलीला कोट घातला, तिने बूट उलटे घातले होते ते सरळ केले, आणि निघालो.

हॉस्पिटलात सगळं छान चाललं होतं. अस्वलांची चित्रं असलेला गाउन, हातावर सुई दुखू नये म्हणून लावायचं क्रीम, मनगटाला पट्टी. कमरेचा काळा दोरा नर्सने विचारून कापला आणि एका पाकिटात घालून माझ्या हातात दिला. सासूबाईंनी तेवढ्यापुरतं तोंड फिरवलं. मग भूल देणारे डॉक्टर आले. पन्नाशीचे, बारीक, छातीवरच्या बिल्ल्यावर अस्सल मराठी आडनाव. एरवी मला परदेशात मराठी आडनाव दिसलं की बरं वाटतं. त्यांनी इंग्लिशमध्ये नेहमीचे प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. काल रात्रीनंतर काही खाल्लंय? काही नाही, फक्त पाणी.

मग ते मुलीच्या पलंगाशी उकिडवे बसले आणि मराठीत म्हणाले, काय गं, भूक लागली असेल ना?

"थोडीशी," ती म्हणाली. "पण मी दही खाल्ला."

"दही-साखर?"

तिने मान हलवली आणि उजवा तळवा पुढे करून दाखवला, इथे. कधी, तर निघताना.

इंग्लिश डॉक्टर असता तर त्याला दहा मिनिटं समजवावं लागलं असतं. यांना एक शब्द सांगावा लागला नाही. ते उभे राहिले, माझ्याकडे बघून म्हणाले की आमच्याकडेही हेच झालं असतं. नवरा म्हणाला, डॉक्टर, चमचाभर तर असेल. त्यांनी समजावलं की चमचा असो की वाटी, दूध-दही अन्नातच धरतात, सहा तास थांबावंच लागतं, आणि साडेबाराला ही लिस्ट संपते. तरी ते सर्जनला विचारायला गेले. परत आले तेव्हा त्यांच्या चालण्यावरूनच मला उत्तर कळलं. आज नाही.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. सासूबाई खिडकीशी खुर्चीत बाळाला घेऊन बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. आवाज चढवला नाही. इथल्या वॉर्डात आवाज चढवला की सिक्युरिटी येते. हळू आवाजात, अगदी स्पष्ट, एकेक शब्द वेगळा करून बोलले.

"मुलगी आहे ना, म्हणून चालतं. बाळराजांचं ऑपरेशन असतं तर पाण्याचा थेंब दिला असतात का? हिच्या जन्माला यायला गुडघे दुखत होते, आणि हिचा जीव टांगणीला लावायला हात बरे चालले."

नवरा म्हणाला, अगं, बास. डॉक्टर अजून तिथेच होते, त्यांना प्रत्येक शब्द कळत होता. मला त्याची लाज वाटली नाही. उलट एक साक्षीदार मिळाला म्हणून बरं वाटलं.

सासूबाईंचे ओठ एकदा उघडले. त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग बाळाची टोपी कानांवर नीट ओढली.

"असं व्हायला नको होतं," त्या म्हणाल्या.

मी ती कबुली धरली.

मुलगी रडायला लागली. आई चिडली म्हणून, की अस्वलांचा गाउन काढणार म्हणून, कोण जाणे. आणि गाठ बाहेर आली. डॉक्टरांनी तिला आडवी केली, माझ्याशी न बोलता हलक्या हाताने गाठ दाबत राहिले. एरवी मिनिटात आत जायची, त्या दिवशी चांगली पाच मिनिटं लागली. त्या पाच मिनिटांत मी मनातल्या मनात सासूबाईंना पुण्याच्या विमानात बसवून आले.

नवी तारीख मिळाली नऊ आठवड्यांनंतरची. सासूबाईंचं परतीचं तिकीट त्याच्या आठवडाभर आधीचं होतं. म्हणजे बाईसाहेब गोंधळ घालून मोकळ्या, आणि निस्तरायला मी.

पुढचे आठ आठवडे मी त्यांच्याशी बोलले नाही. म्हणजे बोलले, पण मुलीमार्फत. आजीला सांग चहा झालाय. आजीला सांग बाळ उठलंय. मुलगी बापडी निरोप पोचवायची, तेही अर्धं इंग्लिशमध्ये. त्या मात्र रोज पहाटे उठून बाळाला तेल लावत राहिल्या, माझ्या ताटात तुपाची धार सोडत राहिल्या. मी ते जेवत होते. राग आला म्हणून हळिवाची खीर नाकारण्याइतकी मी तत्त्वाची पक्की नाही.

पण मुलीला त्यांच्या हातचं खायला द्यायचं मी बंद केलं. माझ्या देखरेखीशिवाय काही नाही. पोळीसुद्धा मी वाढायची. कणकेचे सापही बंद; मी म्हटलं, कच्ची कणीक पोटात जाते. एकदा मुलीने ओट्यापाशी स्टूल ओढत नेलं, आणि आजीच म्हणाल्या, नको बाळा, आईला विचार आधी. मुलीने विचारलं नाही. स्टूल परत जागेवर नेऊन ठेवलं.

नवरा मध्ये पडायचा. त्याने आईला काही विचारलं नाही. घरात शांतता हवी असेल तर पुरुष काही विचारत नाहीत. तो मला म्हणाला, पद्धतच आहे ना ती आपल्याकडे, हिच्या नर्सरीच्या पहिल्या दिवशी तूही घातलं होतंस की हातावर दही. मी म्हटलं, नर्सरीत भूल देत नाहीत. मग वड्याचं तेल वांग्यावर निघालं आणि त्याच्या सगळ्या खानदानाचा उद्धार झाला. तो बाळाला घेऊन पार्कात निघून गेला.

या काळात गाठ चार वेळा बाहेर आली. प्रत्येक वेळी मुलीला आडवं करायचं, पोटाखाली हात घालायचा आणि तिला गोष्ट सांगायची. माझं तोंड गोष्ट सांगत असायचं आणि डोक्यात ते सर्जनचं चित्र. प्रत्येक वेळी मी मनात म्हणायचे, हे त्यांनी केलं. राग धरून ठेवायलाही रोज काहीतरी लागतं, आणि मला रोज मिळत होतं.

सासूबाई जायच्या दिवशी दुपारची फ्लाइट होती. बॅगा गाडीत गेल्या. प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर दही घालायची पद्धत. माझ्या माहेरी आणि सासरीही. पेपर असो, इंटरव्ह्यू असो, गावाला जायचं असो. दाराबाहेर पाऊल टाकायच्या आधी तळहातावर चमचाभर दही, वर चिमूटभर साखर. आपलं माणूस सुखरूप जावं आणि सुखरूप परत यावं म्हणून. सासूबाई कोट घालून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, निघते मी. मी सिंकशी होते. म्हटलं, हो, सांभाळून जा. वाकून नमस्कार केला, कारण तेवढं न करण्याइतकी माझी मजल गेली नव्हती. दही घातलं नाही. मुद्दाम घातलं नाही. मनात म्हटलं, दह्याची फार हौस आहे ना, घ्या आता कोरड्या हाताने.

मुलीच्या गालांवरून हात फिरवून त्या गेल्या. माझ्याकडे वळून बघितलं नाही.

आठवड्याने ऑपरेशनचा दिवस आला. यावेळी घरात सगळं माझ्या ताब्यात. फ्रिजवर चिठ्ठी नाही, कारण चिठ्ठी वाचणारं कोणी नव्हतं. नवरा बाळाला गाडीत बांधत होता. मुलीला जॅकेट घातलं. दार उघडायला हात पुढे केला तर ती जागची हलेना. डाव्या हातावर उजवा तळवा ठेवून उभी, नीट, पुढे धरून, माझ्या तोंडाकडे बघत.

मी विचारलं, काय गं?

"आज दही नाही? मागच्या टाइमला तू दिला होता ना."

मी म्हटलं, मी नाही, आजीने. ती म्हणाली नाही, आजी तर जिन्यात होती, तिच्या हातात बाळ होता. तू दिलास. आणि मग तू खूप चिडली, म्हणून मी दही बोललीच नाही परत.

आणि मला चमचा आठवला. निळ्या दांड्याचा, तिचाच, लहानपणीचा. फ्रिजमधून मी दुधाची बाटली काढत होते, बाळासाठी काढून ठेवलेलं दूध. दार उघडं, समोर दह्याचा डबा, आणि मुलगी कोट घालून दारात. मी काही विचार केला नाही. दहावीच्या पहिल्या पेपरपासून इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वायव्हापर्यंत, पुढे या देशाच्या व्हिसा इंटरव्ह्यूपर्यंत, माझी आई दारात चमचा घेऊन उभी असायची. त्या सकाळी माझ्या हाताने तेच केलं. लेक महत्त्वाच्या कामाला निघाली होती. आई नाही, मग मीच. खडीसाखरेचा डबा जप्त करणारी मी, आणि साखरेची चिमूटही मीच घातली. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि आठ आठवडे टाळ्यालाच चिकटवून ठेवली.

कोणी मुलीला विचारलंच नव्हतं, कोणी दिलं म्हणून. डॉक्टरांना काय खाल्लं आणि कधी, एवढंच हवं होतं. मी विचारायच्या आधीच मला माहीत होतं.

गाडीत मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, झोप नव्हती गं तुला. हो, झोप नव्हती. पण ते कारण मी त्याच्या आईला दिलं असतं का? त्यांनाही तर नव्हती झोप. बाळ ओरडलं की माझ्याआधी त्या उठायच्या.

मुलगी भूल घेताना रडली नाही. मास्कला स्ट्रॉबेरीचा वास आहे म्हणाली आणि झोपली. यावेळचे डॉक्टर वेगळे होते, ते बरंच झालं. नवरा बाळाला ढकलगाडीतून व्हरांड्यात फिरवत होता. चाळीस मिनिटं लागतील असं सांगून नर्स गेली, आणि मी पुण्याला फोन लावला. तिकडे दुपार होती.

त्यांनी पहिल्या रिंगलाच उचलला. फोन हातातच धरून बसल्या असाव्यात.

"झालं का गं ऑपरेशन?"

मी सांगितलं की आत्ताच आत नेलंय. रडली का, विचारलं. नाही रडली. काही खाल्लं नाही ना आज? नाही. मग मी म्हटलं,

"आई, त्या दिवशी दही मी दिलं होतं. मीच."

"माहितीये मला. मी जिन्यात उभी होते ना."

मला वाटलं होतं त्या चकित होतील, रडतील, निदान अगंबाई तरी म्हणतील. त्या डाळ निवडत असल्यासारख्या बोलत होत्या.

"मग तिथे बोलला का नाहीत?"

त्या म्हणाल्या, आधी तर दही म्हणजे खाणं हे त्यांच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी पोरीच्या हातावर दही घातलं ते पायरीवरून बघून त्यांना बरंच वाटलं होतं; म्हटलं, हिच्या आईने शिकवलेलं आहे. डॉक्टर बोलले तेव्हा त्यांना कळलं. आणि तेव्हा त्या बोलल्या असत्या तर मी मानलं असतं का? म्हातारी खोटं बोलते, वर माझ्यावर ढकलते, असंच म्हणाले असते. आणि समजा मानलं असतं, तर एकोणीस दिवसांची बाळंतीण, नवऱ्यासमोर, परक्या डॉक्टरसमोर तोंडावर पडली असती. दूध आटलं असतं, आणि पोरगं उपाशी राहिलं असतं.

मला त्या क्षणी सुद्धा त्यांचा रागच आला, हे खरं सांगते. एवढं सगळं माहीत असून आठ आठवडे माझ्या ताटात तूप वाढत राहिल्या. त्यापेक्षा एकदा माझ्या कानाखाली काढायची होती. मी म्हटलं,

"मी काय काय बोलले तुम्हाला, आई."

"बोललीस. ते मी तिथेच सोडलं. बाळंतिणीच्या तोंडचं धरून बसायचं नसतं." मागे त्यांच्या घरातला पंखा ऐकू येत होता. "पण मी निघाले तेव्हा माझ्या हातावर दही घातलं नाहीस. ते तू पूर्ण शुद्धीत केलंस. ते मी विसरायची नाही."

मी हो म्हटलं. माझ्याकडे त्याला कारण नव्हतं. झोपही झाली होती त्या दिवशी. दह्याचा डबा फ्रिजच्या वरच्या कप्प्यात होता, साखर ओट्यावर होती. त्या कोट घालून दारात चांगली दोन मिनिटं उभ्या होत्या, उजवा हात खिशातून बाहेर काढून, आणि ते दिसत असूनही मी एक धुतलेलं पातेलं पुन्हा घासत राहिले.